रुग्णालयाच्या दारापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत

सातपुड्यातील झोळी आता साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाची झाली आहे. लांब बांबूला चादर किंवा घोंगडी बांधायची, तीत रुग्णाला निजवायचे आणि दोघा-चौघांनी आळीपाळीने खांदा देत डोंगर उतरायचा. पावसाळा सुरू झाला की नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातले असे एखादे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो आणि रस्त्याचे आश्वासन मिळते. सप्टेंबर २०२१मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एक वनवासी बांधव आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पायी निघाला. त्या माउलीने वाटेतच प्राण सोडला. त्या बातमीने महाराष्ट्र हळहळला आणि ते स्वाभाविकच होते.

परंतु या छायाचित्रांमधली एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. झोळी नेहमी एकाच दिशेने चाललेली असते, डोंगरावरून खाली. वाचलेला रुग्ण याच वाटेने पुन्हा वर जातो, त्याचे छायाचित्र निघत नाही. उपचार झाले, सुट्टी मिळाली, विषय संपला, असे शासनाला वाटते आणि समाजालाही वाटते. वस्तुतः अनेक रुग्णांच्या बाबतीत खरी कसोटी त्या क्षणापासूनच सुरू होते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यांपैकी सुमारे ६९ टक्के जनजाती समाज. राज्याच्या २०१२च्या मानव विकास अहवालात हा जिल्हा सर्वांत शेवटच्या क्रमांकावर होता. २०१८मध्ये केंद्र सरकारने देशातील आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये नंदुरबारचे नाव आले. मधल्या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०२०-२१पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी गंभीर रुग्णाला धुळे किंवा सुरत याशिवाय गत्यंतर नव्हते. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. १०२ आणि १०८ क्रमांकांच्या रुग्णवाहिका आहेत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत असताना या मागासलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याने तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने प्राणवायूचे स्वतःचे प्रकल्प आधीच उभे करून ठेवले होते. डॉ. भारूड हे स्वतः भिल्ल समाजातील, साक्री तालुक्यातील सामोडे गावचे. जिल्ह्याचा निधी हाताशी होता, संकटाचा अंदाज वेळीच घेतला आणि मुंबईच्या आदेशाची वाट पाहिली नाही, एवढेच त्या यशाचे रहस्य होते.

सांगायचे ते इतकेच, की रुग्णाला रुग्णालयापर्यंत आणणे आणि तेथे त्याच्यावर उपचार करणे, या दोन टप्प्यांसाठी योजना आहेत, पैसा आहे आणि काही प्रमाणात यंत्रणाही आहे. तिसऱ्या टप्प्यासाठी मात्र क्षयरोगासारखा एखादा अपवाद सोडला तर जवळपास काही नाही. रुग्णालयाच्या दारापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतचा आणि उंबऱ्याच्या आतला पहिला महिना कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

हा महिना म्हणजे काय, हे पुण्या-ठाण्याच्या आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घरातील आजींच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना घरी आणले, की काय काय होते ते आठवावे. मुलगा आठवडाभर रजा काढतो. ब्यूरोतून मावशी येते. भाड्याने वरखाली होणारी खाट येते, कमोडची खुर्ची येते, वॉकर येतो. फिजिओथेरपिस्ट घरी येतो. औषधांच्या वेळांचा तक्ता शीतकपाटावर चिकटतो. शेजारच्या काकू दोन दिवस डबा देतात. यालाच परदेशात सामाजिक काळजीसेवा म्हणतात आणि त्यासाठी स्वतंत्र खाती असतात. आपण तिला नाव दिले नाही, कारण आपण ती खिशातून विकत घेतो किंवा नात्यागोत्यातून मिळवतो. अक्राणीच्या पाड्यावर विकत घ्यायला पैसा नाही, पैसा असला तरी ब्यूरो नाही, आणि नातेवाईक आहेत ते सारे रोजच्या मजुरीवर जगणारे.

चार घरांचे पहिले महिने

मोलगी परिसरातले एक कुपोषित बालक घेऊ. पोषण पुनर्वसन केंद्रात त्याला आईसह साधारण चौदा दिवस ठेवतात. ठरावीक वेळेला ठरावीक मापाचे औषधी दूध मिळते, जंतुसंसर्गावर उपचार होतात, वजन वाढू लागते. तेथे राहण्याबद्दल आईला बुडीत मजुरीही मिळते; ही तरतूद निश्चितच विचारपूर्वक केलेली आहे. पण त्या आईची आणखी दोन लेकरे घरी असतात, शेळ्या असतात, म्हातारी सासू असते. सहाव्या-सातव्या दिवशी निरोप येतो आणि ती कुणाला न सांगता निघून जाते. रुग्णालयाच्या नोंदीत ते ‘सल्ल्याविरुद्ध गेले’ असे लिहिले जाते. कुणाच्या सल्ल्याविरुद्ध? घरच्या दोन लेकरांना कोण सांभाळणार, याविषयी तिला कुणी सल्ला दिला होता काय?

जी आई चौदा दिवस काढते, तिलाही पुढचे दोन महिने दर पंधरा दिवसांनी बालकाला तपासणीसाठी आणायचे असते. अशा चार खेपा. प्रत्येक खेपेला एक रोजगार बुडतो, जीपचे भाडे पडते, आणि पाऊस असेल तर जीपच येत नाही. मधल्या काळात दिवाळी आली तर सारे कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गुजरातकडे निघते आणि होळीच्या सुमारास परतते. राज्य शासनाने स्थलांतरित बालकांचा माग ठेवण्यासाठी संगणकीय व्यवस्था उभी केली, हे चांगले केले. परंतु बालक कुठे आहे हे पडद्यावर दिसणे आणि त्या बालकाच्या ताटात रोज अंडे पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे घर सिकलसेलग्रस्त मुलीचे. या जिल्ह्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या घरांत आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी मध्यप्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०४७पर्यंतचे लक्ष्य ठेवले. तपासण्या झाल्या, ओळखपत्रे वाटली गेली. मुलगी कळा आल्या म्हणून रुग्णालयात येते, सलाईन लागते, वेदना शमतात, चौथ्या दिवशी सुट्टी मिळते. डॉक्टर सांगतात : भरपूर पाणी पी, थंडीपासून जप, जड ओझे उचलू नकोस, गोळ्या चुकवू नकोस. वैद्यकीयदृष्ट्या यातला शब्दन्‌शब्द योग्य आहे. मात्र तिच्या पाड्यावर पाणी म्हणजे दरीतला झरा, आणि तो हंडा चढवून आणण्याचे काम घरात तिचेच. जी सूचना पाळायची, ती पाळण्यासाठीच दुसरी मोडावी लागते.

तिसरे घर सिझेरियन झालेल्या बाळंतिणीचे. २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार तिला परत घरी सोडण्यासाठी मोफत वाहन मिळते. वाहन जाते तेथपर्यंत सोडते. त्यापुढे पोटावर टाके आणि हातात तान्हे बाळ घेऊन ती पायवाटेने चढते. आशाताई बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देते. ही पद्धत महाराष्ट्राचीच देणगी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग सिद्ध केला आणि पुढे ती देशाची योजना झाली. हे उदाहरण मी मुद्दाम सांगतो. रुग्णालयानंतरची काळजी पाड्यावर पोहोचविता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना बाळंतीण आणि बाळ यांच्या बाबतीत ती पोहोचलेली दिसते. मग इतरांच्या बाबतीत का नाही?

आणि चौथे घर. याविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण हा रुग्ण कोणत्याच योजनेत बसत नाही. आंबे किंवा मोहाची फुले उतरवताना, ताडावर चढताना तरणाताठा पुरुष झाडावरून पडतो. मणक्याला इजा होते, कमरेखालची शक्ती जाते. शासकीय विमा योजनेतून शस्त्रक्रिया होते, तिचे पैसे रुग्णालयाला मिळतात. तीन आठवड्यांनी त्याला घरी पाठवतात. लघवीची नळी तशीच असते. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे आहे, अन्यथा पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. नळी ठरावीक दिवसांनी बदलायची आहे, पिशवी खाली लोंबती ठेवायची आहे, ताप आला तर लगेच दाखवायचे आहे. हे सारे त्याच्या पत्नीला सुट्टीच्या दिवशी, बिछाने रिकामे करण्याच्या घाईत, तिला न समजणाऱ्या भाषेत पाच मिनिटांत सांगितले जाते. ती पावरी बोलते, परिचारिका मराठी बोलते आणि हातातला कागद इंग्रजीत असतो. सुरतेहून आला असेल तर तो कागद गुजरातीतही असू शकतो. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. फलाटावर चालता चालता राज्य बदलते. रुग्ण असा सहज सीमा ओलांडतो, त्याचा उपचाराचा कागद मात्र ओलांडत नाही.

दोन-तीन महिन्यांत अशा रुग्णाच्या पाठीवर हाडापर्यंत जखम होते, मूत्रमार्गातून विष शरीरात भिनते आणि तो दगावतो. त्याचा मृत्यू कुठल्या यादीत धरायचा? तो अपघातात वाचला होता. शस्त्रक्रियाही यशस्वी झाली होती.

खाट रिकामी होते तेव्हा

या विषयाचा अभ्यास पाश्चात्त्य देशांनी आपल्या आधी केला, कारण त्यांच्याकडे प्रश्न नेमका उलट्या बाजूने आला. ब्रिटनमध्ये १९४८पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. रुग्णालये तिच्याकडे, आणि घरी गेलेल्या वृद्धाला आंघोळ घालणे, जेवण देणे ही कामे स्थानिक परिषदांकडे. दोघांच्या थैल्या वेगळ्या. परिणाम असा, की बरा झालेला म्हातारा घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून रुग्णालयातच पडून राहतो आणि नवीन रुग्णाला खाट मिळत नाही. २००३मध्ये तेथे कायदा करून अशा विलंबाबद्दल परिषदांकडून रुग्णालयाला पैसे देवविण्याची तरतूद केली. पुढे दोन्ही थैल्यांतील काही पैसा एकत्र करण्याचा प्रयोग झाला. २०२२च्या हिवाळ्यासाठी केवळ रुग्णांना घरी जाता यावे म्हणून ५० कोटी पौंडांचा निधी वेगळा काढावा लागला. इतकी संपत्ती आणि इतकी शिस्त असूनही कुटुंब विरघळून गेलेल्या समाजाला हे काम सरकारी पैशाने पुरते साधत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नंदुरबारमध्ये खाट अडून राहत नाही. ती फार लवकर रिकामी होते, आणि म्हणूनच प्रश्न कुणाला दिसत नाही. ब्रिटनमध्ये न सुटलेला रुग्ण आकडेवारीत दिसतो. आपला सुटलेला रुग्ण डोंगरात दिसेनासा होतो. आपल्याकडे कुटुंब शाबूत आहे, माया शाबूत आहे. परंतु मायेला दोन हात आणि एक रोजगार असतो. हे ओझे सर्वस्वी कुटुंबावर टाकून ‘आमची कुटुंबव्यवस्था महान’ असे म्हणत बसणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

उत्तर शोधायला परदेशात जाण्याचेही कारण नाही. केरळच्या राजकारणाशी आपले वैचारिक भांडण जुने आहे आणि ते राहीलच. पण चांगली गोष्ट जेथे असेल तेथून घ्यावी. १९९३मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी असाध्य रुग्णांसाठी वेदनाशमनाचे केंद्र काढले. त्यातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि २००८मध्ये राज्याने त्याचे धोरण केले. गावपंचायतीने आपल्या वार्षिक आराखड्यातून घरभेटीची परिचारिका, वाहन आणि साहित्य यांचा खर्च करायचा आणि स्वयंसेवकांनी रुग्णाशेजारी बसायचे, अशी वाटणी झाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे नाव पंचायतीच्या वहीत असते, ही साधी गोष्ट मला त्या साऱ्या व्यवस्थेचा गाभा वाटते.

आपल्याकडे क्षयरोगाच्या बाबतीत हे अंशतः घडले आहे. क्षयरुग्णाला उपचारकाळात पोषणासाठी २०१८पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. २०२२पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून कोणीही नागरिक वा संस्था रुग्णाला धान्याचा शिधा देऊ शकते. उपचार घरीच चालतात आणि त्यांवर देखरेख ठेवणाऱ्यालाही मानधन असते. शासनाचा पैसा, समाजाचा शिधा आणि गावातला एक जबाबदार माणूस हे तिन्ही एका रुग्णासाठी एकत्र येऊ शकतात, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे. मणका मोडलेल्या माणसाने असा कोणता अपराध केला आहे, की त्याला हे मिळू नये?

पैसा आहे, तो कुठे आहे

आता निधीचा प्रश्न. वाचकांपैकी अनेकांना वाटेल की ही आणखी एका सरकारी योजनेची मागणी आहे. तसे नाही. नवी योजना म्हणजे नवे नाव, नवा फलक आणि दोन वर्षांनी थकलेले मानधन, हे आपण पुष्कळ पाहिले. निधी आधीच गावात येतो.

१९९६चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार देतो. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४मध्ये केले आणि एप्रिल २०१५मध्ये एक महत्त्वाचा निर्णय घेतला : आदिवासी उपयोजनेच्या एकूण निधीपैकी ५ टक्के रक्कम अबंध निधी म्हणून थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायची. कशावर खर्च करायची ते ग्रामसभेने ठरवायचे. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, वनसंवर्धन यांबरोबर आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हे विषय त्यात स्पष्टपणे आहेत. म्हणजे रुग्णालयातून परतलेल्या माणसाची पहिल्या महिन्याची सोय करण्यास कायद्याची आडकाठी नाही. अडचण आहे ती सवयीची. ग्रामपंचायतीचा आराखडा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बांधकाम येते. सिमेंटचा रस्ता दाखवता येतो, त्याचे उद्घाटन करता येते, आणि ठेकेदाराचेही भागते. माणसाच्या पाठीला न झालेली जखम दाखवता येत नाही.

पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्याकरिता देशभरासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. तिचा मोठा भाग इमारती आणि तपासणीच्या सोयी यांसाठी होता. त्या आवश्यक होत्या. परंतु तेथेही विचार दाराच्या आतला होता.

हिशेब करून पाहू. समजा, एका ग्रामपंचायतीच्या पाड्यांवर वर्षभरात ४० रुग्ण असे परतले, ज्यांना खरोखर आधाराची गरज आहे. प्रत्येकामागे तपासणीच्या दोन-तीन खेपांचे जीपभाडे, महिन्याभराची डाळ, तेल, अंडी आणि थोडे साहित्य यासाठी सरासरी ३,००० रुपये धरले, तर वर्षाला १ लाख २० हजार होतात. त्यात गावातील एखाद्या दहावी-बारावी झालेल्या भगिनीला रुग्णालयात काही आठवडे शिकवून या कामासाठी दरमहा ५,००० रुपये मानधन दिले तर आणखी ६० हजार. एकूण १ लाख ८० हजार. आकडे माझे आहेत, कमी-जास्त होतील. पण एखाद्या सभामंडपाच्या खर्चाशी ते ताडून पाहावेत.

पैशापेक्षाही अवघड आहे तो समन्वय. रुग्णालय आरोग्य विभागाचे, अंगणवाडी महिला व बालविकासची, धान्य पुरवठा विभागाचे, नंदुरबार आणि तळोदा येथील प्रकल्प कार्यालये आदिवासी विकासची, ग्रामपंचायत जिल्हा परिषदेकडे. रुग्ण एकच, कार्यालये पाच. सुट्टी देण्याच्या आदल्या दिवशी रुग्णालयातून पाड्याच्या आशाताईला, अंगणवाडीताईला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आपला जुना ग्रामसेवक) एक दूरध्वनी जावा : उद्या अमुक माणूस घरी येत आहे, त्याला हे हे लागेल. कागदावर चित्रे असावीत आणि सूचना पावरी, भिलोरी, मावची जाणणाऱ्याच्या तोंडून सांगाव्यात. जिल्हा रुग्णालयात असा एक माणूस बसवणे जिल्हा नियोजन समितीला जड नाही.

शासनाने ‘माहेरघर’ नावाची एक कल्पक योजना केली आहे. दूरच्या पाड्यावरची गरोदर स्त्री बाळंतपणाच्या चार दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहते. अशाच खोलीत शस्त्रक्रियेनंतरचे आठ-दहा दिवस का काढू नयेत? बिछाना रुग्णालयाचा अडणार नाही आणि जखम चढावर उसवणार नाही. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समितीने १९६८पासून हेच तर केले. टाटा आणि केईएम रुग्णालयांत दूरदूरहून आलेल्या रुग्णांना आणि नातेवाइकांना राहायला जागा दिली. नानांसारख्या संघप्रचारकाचे याहून उचित स्मारक झाले नसते. धडगाव आणि मोलगी येथे तशा चार-सहा खोल्या हव्या आहेत, एवढेच.

आपले काम कोणते

येथे कार्यकर्त्यांशी थोडे स्पष्ट बोलायला हवे. १९७२च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रातील अनेक गावांत, शहरांत आहेत. नाममात्र शुल्कात खाट, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी मिळते. हजारो कुटुंबांना त्यांचा आधार वाटतो. हे साहित्य सातपुड्यात जसेच्या तसे चालत नाही. उतारावरच्या कुडाच्या घरात लोखंडी खाट मावत नाही, चाकाची खुर्ची दगडगोट्यांत पहिल्याच दिवशी अडकते, आणि हवेच्या गादीला अखंड वीज लागते. पाण्याची गादी चालते. बांबूची टेकणखुर्ची, बांबूचीच शौचाची बैठक गावातला कारागीर बनवू शकतो. बांबूत या लोकांना शिकवण्यासारखे आपल्याकडे काही नाही. साहित्य केंद्राने एखादा अस्थितज्ज्ञ आणि दोन पावरा कारागीर यांना एकत्र बसवून हे नमुने तयार करावेत.

वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षक साध्या औषधांची पेटी घेऊन पाड्यापाड्यांवर काम करत आले आहेत. नंदुरबारची डॉ. हेडगेवार सेवा समिती कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्र चालवते, शेतकऱ्यांच्या घरात तिचा वावर आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात बारीपाड्याच्या चैत्राम पवारांनी गावाच्या संघटित शक्तीवर जंगल उभे केले, त्यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे ओळख आहे, विश्वास आहे, माणसे आहेत. त्यांच्या कामात ‘घरी परतलेला रुग्ण’ हा एक विषय जोडायचा आहे.

धर्मांतराविषयी आपण बैठकांमधून पोटतिडकीने बोलतो. ते बोलावेच. पण पाठीला जखमा झालेल्या माणसाच्या झोपडीत पहिल्या महिन्यात कोण कोण येऊन गेले, याची चौकशीही कधी करावी. जो जखम धुतो, त्याचे शब्द माणूस ऐकतो. यात त्या माणसाचा दोष काय? आपण तेथे नव्हतो, ही त्यातली पहिली गोष्ट आहे.

दीनदयाळजींनी एप्रिल १९६५मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले, त्यात व्यक्ती, कुटुंब, समाज आणि राज्य ही एकमेकांशी झुंजणारी केंद्रे नव्हती. सातपुड्यातील समाज हे तत्त्वज्ञान न वाचता जगत आला आहे. तेथे ‘लाह’ नावाची रीत आहे. एखाद्याच्या शेतात काम अडले की पाड्यातील लोक एक दिवस मिळून येतात, निंदणी-कापणी उरकतात; मजुरी नाही, जेवण एकत्र होते आणि उद्या तो दुसऱ्याच्या शेतात जातो. रुग्णाच्या घरच्यांचा सर्वांत मोठा घोर शेत आणि गुरे हाच असतो. रुग्णालयात गेलेल्या माणसाच्या शेतासाठी लाह बोलवावी, असे ग्रामसभेने ठरवले तर ती आई पोषण केंद्रातून सातव्या दिवशी पळणार नाही. हे काम कोणत्याही निधीने होणारे नाही आणि त्याला निधी लागतही नाही. उलट जीपभाडे, अंडी, गादी, परिचारिकेचे मानधन यांसाठी लाह पुरणार नाही; तेथे पैसाच हवा. कोणते काम समाजाचे आणि कोणते तिजोरीचे, हे पाड्यावर बसून ठरवले की दोघांपैकी कुणावर भलताच भार पडत नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. यांतली १ मेची सभा मला या कामासाठी सर्वांत सोयीची वाटते. होळी होऊन गेलेली असते, ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेली माणसे बहुतांशी परतलेली असतात, आणि पावसाने वाटा बंद होण्यास महिनाभर अवकाश असतो. त्या सभेत दोन ठराव यावेत. गेल्या वर्षभरात रुग्णालयातून परतलेल्यांची नावे पाड्यानुसार वाचून दाखवावीत, त्यांपैकी आज कोण कसे आहे ते विचारावे; आणि अबंध निधीतील ठरावीक हिस्सा पुढील वर्षाच्या अशा रुग्णांसाठी राखून ठेवावा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर या चार तालुक्यांतील प्रत्येकी पाच ग्रामपंचायती आमच्या कार्यकर्त्यांनी यासाठी आजच निवडाव्यात. सुरतेतील मराठी स्वयंसेवकांनी तेथल्या रुग्णालयांतून सुटणाऱ्या नंदुरबारच्या रुग्णांचा गुजराती कागद मराठीत लिहून देण्याचे काम घ्यावे. त्याला एक वही आणि संध्याकाळचे दोन तास पुरतील.